आयबीएम पीसीचं बायॉस: छापून दिलेला कोड आणि तो न बघता लिहिणारे

कपॅसिटर (धागाकर्ता)

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने ५१५० हा पीसी आणला, तेव्हा त्यातला जवळजवळ प्रत्येक भाग बाजारात कुणालाही विकत मिळत होता. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, ४.७७ मेगाहर्ट्झवर चालणारा. डॉस मायक्रोसॉफ्टचं, आणि ते इतर कंपन्यांना विकायला मायक्रोसॉफ्ट मोकळी. आयबीएमचं स्वतःचं म्हणावं असं एकच, मदरबोर्डवरच्या रॉममधलं ८ केबीचं बायॉस, म्हणजे मशीन सुरू करणारा आणि हार्डवेअर हाताळणारा मूळ प्रोग्राम. आणि नेमकं त्याचंच संपूर्ण असेंब्ली लिस्टिंग, टिपांसकट, आयबीएमने टेक्निकल रेफरन्स मॅन्युअलच्या परिशिष्टात छापून दिलं!

याला अनेक जण आयबीएमचा गाफीलपणा म्हणतात. मला ते पटत नाही. लिस्टिंग छापणं म्हणजे दार उघडं टाकणं नव्हतं, ते कुंपणच होतं. मॅन्युअल चाळलेल्या कुठल्याही इंजिनिअरने पुढे बायॉस लिहिलं की ‘बघून लिहिलंस’ म्हणायला आयबीएम मोकळी.

दोन प्रश्न आहेत. क्लीन रूम पद्धतीने, म्हणजे मूळ कोड न बघता, बायॉस लिहायचं म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे? आणि आज हातात अनोळखी एक्सटी क्लोन (आयबीएम पीसी एक्सटीशी सुसंगत, दुसऱ्या कंपनीचा) बोर्ड आला, तर त्याच्या रॉममधलं बायॉस स्वतंत्र आहे की उचललेलं, हे कसं ओळखायचं?

सोळाबिट

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

माणसांचे दोन गट. पहिला गट लिस्टिंग वाचतो, मशीनवर प्रयोग करतो आणि फक्त वर्तन लिहून काढतो. उदाहरणार्थ इंटरप्ट १० (इंटरप्ट म्हणजे प्रोग्रामने बायॉसला मारलेली हाक), एएच या रजिस्टरमध्ये २ (इथून पुढे पत्ते आणि बाइट्स हेक्समध्ये): कर्सर हलवणे. डीएचमध्ये ओळ, डीएलमध्ये रकाना, बीएचमध्ये पान. नवी जागा ४०:५० पासूनच्या तक्त्यात नोंदली गेली पाहिजे. कुठले रजिस्टर परतताना जसेच्या तसे राहिले पाहिजेत, हेही लिहायचं. एवढंच. आयबीएमने ते कुठल्या सूचनांनी केलं, लेबलांना काय नावं दिली, कुठला सबरूटीन वापरला, यातलं एक अक्षरही त्या कागदात येता कामा नये. तो कागद आधी वकिलाच्या नजरेखालून जातो, मग दुसऱ्या गटाकडे.

दुसऱ्या गटातल्या कुणीही आयबीएमचा कोड पाहिलेला नसला पाहिजे. क्लोनवाल्यांना बायॉस विकणाऱ्या फिनिक्स कंपनीने तर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएमएस ९९०० वर काम केलेला, ८०८८ ला कधी हात न लावलेला प्रोग्रामर घेतला होता, म्हणजे शंकेला जागाच नको. त्यांचं बायॉस मे १९८४ च्या सुमाराला बाजारात आलं.

दोन्ही गटांनी एकमेकांशी बोलायचं नाही. शंका लेखी, उत्तर लेखी, दोन्हीवर तारीख. चाचणीत काही बिघडलं तरी ‘अमुक सूचना बदल’ असं सांगायचं नाही, ‘अमुक इनपुटला तमुक आउटपुट यायला हवा, तो येत नाही’ एवढंच कळवायचं. कोर्टात कामाला येते ती ही फाइल.

सगळ्यात जास्त वेळ खातात ती मॅन्युअलच्या नियमाबाहेर वागणारी सॉफ्टवेअर्स. कीबोर्डचा बफर ४०:१ई पासून ३२ बाइट्सचा, त्याचं डोकं ४०:१ए ला आणि शेपूट ४०:१सी ला. बायॉसला न विचारता थेट शेपूट आणि डोकं सारखं करून बफर रिकामा करणारे प्रोग्राम ढिगाने होते. म्हणजे हे पत्ते हलवले की क्लोन फसला. लोटस १-२-३ हे स्प्रेडशीट थेट स्क्रीनच्या मेमरीत लिहायचं. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर तर डॉसशिवाय स्वतःच फ्लॉपीवरून सुरू व्हायचा आणि हार्डवेअरला भिडायचा. हे दोन चालले तर मशीन ‘कम्पॅटिबल’, अशीच तेव्हाची कसोटी होती.

झेड८०

सोळाबिट, झकास. पण कपॅसिटर, कुंपणाचा मुद्दा पटला नाही. त्या काळात लिस्टिंग देणं ही रीतच होती. ॲपल २ च्या १९७८ च्या लाल मॅन्युअलमध्ये मॉनिटर रॉमचं (हा मॉनिटर म्हणजे पडदा नव्हे, रॉममधला मूळ प्रोग्राम) लिस्टिंग होतंच की. कार्ड बनवणाऱ्यांना आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यांना आत काय चाललंय ते कळावं, म्हणजे मशीनभोवती बाजार उभा राहतो, हा साधा हिशेब. आयबीएमच्या मॅन्युअलमध्ये सर्किटच्या आकृत्याही होत्या. त्या कुंपण घालायला छापल्या का?

पूर्वा_एस

+१ झेड८०. हेतू काहीही असो, परिणाम मात्र कपॅसिटर म्हणतात तसाच झाला. कोरोना आणि ईगल या दोन क्लोनवाल्यांना आयबीएमने बायॉसवरून कोर्टात खेचलं आणि १९८४ मध्ये दोघांनीही तडजोड करून नवं बायॉस घ्यायचं कबूल केलं. कोलंबिया डेटा प्रॉडक्ट्स (१९८२ च्या मध्यावर) आणि कॉम्पॅक (नोव्हेंबर १९८२) यांनी वेगळं लिहून घेतलं होतं, ते सुटले.

ॲड_मेधा

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी, कारण धाग्यात एक गैरसमज पक्का होऊ पाहतोय.

लिस्टिंग वाचणं हा गुन्हा नव्हता, आजही नाही. कॉपीराइटभंग सिद्ध करायला दोन गोष्टी लागतात: मूळ कृती हाताशी होती, आणि नव्या कृतीत तिच्या अभिव्यक्तीशी भरीव साम्य आहे. वाचलेल्या माणसाने खरोखर वेगळा कोड लिहिला तर तो सुटतो. फक्त त्याला ‘मी बघितलंच नव्हतं’ हा बचाव उरत नाही आणि प्रत्येक साम्याचं स्पष्टीकरण द्यावं लागतं. क्लीन रूम ही कायद्याची अट नाही, तो पुरावा तयार करण्याचा मार्ग आहे.

आणि ही सगळी खबरदारी कुठून आली, तर ॲपल विरुद्ध फ्रँकलिनमधून. फ्रँकलिन एस १०० हे ॲपल २ शी सुसंगत मशीन. ॲपलने मे १९८२ मध्ये १४ प्रोग्रामांवरून दावा लावला. फ्रँकलिनने नक्कल नाकारली नाहीच. नाकारणार कशी? त्यांच्या प्रतीत ‘ॲपलसॉफ्ट’ हा शब्द आणि ॲपलचा प्रोग्रामर जेम्स ह्यूस्टन याचं नाव जसंच्या तसं सापडलं होतं. त्यांचं म्हणणं असं की रॉममधला ऑब्जेक्ट कोड (प्रोग्रामचं यंत्राला समजणारं रूप) माणसाला वाचता येत नाही, तो यंत्राचा भाग आहे, आणि ऑपरेटिंग सिस्टम ही कार्यपद्धती आहे, म्हणून कॉपीराइट लागूच होत नाही. खालच्या कोर्टाला ते इतपत पटलं की जुलै १९८२ मध्ये मनाई हुकूम नाकारला गेला. अपील कोर्टाने ३० ऑगस्ट १९८३ ला तो निकाल फिरवला: ऑब्जेक्ट कोडला संरक्षण, रॉममधल्यालाही, आणि ऑपरेटिंग सिस्टमलाही. संपूर्ण सुसंगतता हवी म्हणून नक्कल केली, हा युक्तिवाद कोर्टाने व्यापारी उद्दिष्ट म्हणून बाजूला ठेवला. जानेवारी १९८४ मध्ये फ्रँकलिनने २५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं.

या तारखा बायॉसच्या तारखांशेजारी ठेवून बघा. ऑगस्ट १९८३ नंतर नकलेचं बायॉस विकणं म्हणजे हरलेला खटला पुन्हा लढणं.

खटपट्या

निदान नाव तरी पुसायचं होतं हो! :)

सोळाबिट

@खटपट्या, आयबीएमच्या रॉममध्ये नाव पुसणंही सरळ नव्हतं. एफ०००:ई००० ला रॉमच्या सुरुवातीलाच भाग क्रमांक आणि ‘सीओपीआर. आयबीएम’ ही ओळ आहे. पण मशीन सुरू होताना बायॉस स्वतःच्या ८१९२ बाइट्सची बेरीज करतं आणि तिचा शेवटचा बाइट शून्य नसेल तर तिथेच थांबतं. म्हणजे नाव बदललं की दुसरीकडे एखादा बाइट भरपाईसाठी बदलावा लागतो. आणि मग तो भरपाईचा बाइटच उचलेगिरीची साक्ष देतो.

तापकीर_गल्ली

बायॉसबद्दल बोलताय तर बेसिक विसरू नका. ५१५० च्या बोर्डवर ८ केबीच्या पाच रॉम: यू२९ ते यू३२ मध्ये कॅसेट बेसिक (३२ केबी) आणि यू३३ मध्ये बायॉस. ते बेसिक मायक्रोसॉफ्टने आयबीएमसाठी केलेलं, क्लोनवाल्यांना मिळणं शक्य नव्हतं. म्हणून आयबीएमचं बेसिकए क्लोनवर चालत नाही, ते रॉममधल्या बेसिकवर टेकलेलं आहे. क्लोनसाठी पूर्ण रॅममध्ये चढणारं जीडब्ल्यू-बेसिक.

बूट करायला काही सापडलं नाही की बायॉस इंटरप्ट १८ बोलावतं. आयबीएमवर तिथे बेसिक उघडायचं. क्लोनवर उघडायला काही नाही, म्हणून एएमआय या कंपनीच्या बायॉसने लिहून ठेवलं: ‘नो रॉम बेसिक, सिस्टम हॉल्टेड’. बुधवार पेठेत आणि लॅमिंग्टन रोडवर जुळवलेल्या मशीनवर हा संदेश आला की लोक रॉम खराब झाली समजून बोर्ड उचलून आणायचे. खरं कारण बहुतेक वेळा एवढंच की हार्ड डिस्कवरचं पार्टिशन ॲक्टिव्ह केलेलं नाही. एफडिस्क उघडा, दुसरा पर्याय, पार्टिशन ॲक्टिव्ह करा, रीस्टार्ट.

झेड८०

मेधाताई, फ्रँकलिनचा निकाल जगभर तसाच लागला नाही, हेही नोंदवायला हवं. ऑस्ट्रेलियात तैवानहून आलेल्या ‘वॉम्बॅट’ या ॲपल २ च्या नकलेवर खटला झाला. तो कॉम्प्युटर एज विरुद्ध ॲपल म्हणून ओळखला जातो. १९८३ मध्ये ॲपल हरली, १९८४ मध्ये अपिलात जिंकली, आणि १९८६ मध्ये तिथल्या हायकोर्टात, म्हणजे त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात, पुन्हा हरली: रॉममधला ऑब्जेक्ट कोड जुन्या कायद्यानुसार साहित्यकृती नाही. पण तोवर १९८४ मध्येच संसदेने कायदा बदलला होता, त्यामुळे निकालाचा उपयोग फक्त मागच्यांना.

ॲड_मेधा

अगदी बरोबर, झेड८०. भारतातही दुरुस्ती १९८४ चीच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या साहित्यकृतीच्या व्याख्येत संगणक प्रोग्राम तेव्हा आले, ‘डिस्क, टेप, छिद्रित माध्यम किंवा अन्य माहिती साठवणाऱ्या साधनावर’ नोंदवलेले. त्यामुळे रॉम साहित्यात मोडते का, हा वाद आपल्याकडे फार ताणायला जागा उरली नाही.

सिलिकॉन_घाट

क्लीन रूमवर एक खटला कुणीच काढला नाही, आणि माझ्या मते तो फ्रँकलिनपेक्षा महत्त्वाचा: एनईसी विरुद्ध इंटेल.

एनईसीचा व्ही२० हा ८०८८ च्या ४० पिनांच्या सॉकेटमध्ये जसाच्या तसा बसतो. आतली रचना वेगळी (दोन अंतर्गत डेटा बस, पत्ता काढायला वेगळं हार्डवेअर), म्हणून त्याच क्लॉकवर जास्त वेगाने चालतो. इंटेलचा आरोप, मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतच कोरलेला, त्याच्या सूचना पार पाडणारा कोड) उचलला. डिसेंबर १९८४ मध्ये एनईसीनेच दावा लावला. १९८६ मध्ये न्यायमूर्तींनी मायक्रोकोडला कॉपीराइट आहे असं ठरवलं. मग कळलं की ते एका गुंतवणूक क्लबचे सभासद आहेत आणि क्लबकडे इंटेलचे शेअर आहेत. त्यांचा वाटा १०० डॉलरचाही नव्हता, तरी निकाल रद्द, नवे न्यायमूर्ती, पुन्हा पहिल्यापासून.

फेब्रुवारी १९८९ चा निकाल असा: मायक्रोकोडला कॉपीराइट मिळतो. पण इंटेलच्या परवान्याने चिप बनवणाऱ्यांनी कॉपीराइटची सूचना छापली नव्हती आणि इंटेलने ती छापून घेतली नाही, म्हणून हक्क गमावला. शिवाय एनईसीने भंग केलेलाच नाही. गंमत बघा, १ मार्च १९८९ पासून अमेरिकेत अशी सूचना छापायची सक्तीच उठली.

धाग्याशी संबंध असा की एनईसीच्या इंजिनिअरने इंटेलचा मायक्रोकोड उलगडून पाहिलेला होता. म्हणजे कपॅसिटर यांच्या ‘बघून लिहिलंस’ या न्यायाने तो अडकलेला. एनईसीने खटल्यादरम्यान दुसऱ्या एका प्रोग्रामरकडून क्लीन रूममध्ये, फक्त हार्डवेअरचा तपशील देऊन, मायक्रोकोड लिहून घेतला. त्यातही इंटेलशी तशीच साम्यं निघाली! म्हणजे ती साम्यं नकलेची नव्हती, हार्डवेअर आणि सूचनासंच लादत होता. कोर्टाने हे ग्राह्य धरलं. क्लीन रूम माल बनवायला नाही, साम्याचं कारण दाखवायला वापरली गेली.

जाता जाता, कुणी एक्सटीमध्ये व्ही२० बसवणार असेल तर खाच जुळवून बसवा आणि जुनी प्रत-संरक्षित गेम्स तपासा. एएडी या प्रोसेसरच्या सूचनेला (दशमान) १० सोडून दुसरा आकडा दिला तर ८०८८ तो वापरतो, व्ही२० दुर्लक्ष करून १० च धरतो. कागदावर नसलेल्या वर्तनात हे दोन वेगळे पडतात.

पूर्वा_एस

सिलिकॉन_घाट, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. लोटस विरुद्ध बोरलँडही जवळपास याच वाटेने गेला. बोरलँडच्या क्वाट्रो या स्प्रेडशीटने लोटसच्या ४६९ आज्ञांची मेनू-रचना घेतली, कोड एक ओळही नाही. अपील कोर्टाने १९९५ मध्ये मेनूला कार्यपद्धती ठरवून बोरलँडला सोडलं, आणि जानेवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालय ४-४ वर अडल्याने तोच निकाल टिकला.

खटपट्या

स्प्रेडशीटपर्यंत पोचलो. कपॅसिटर यांचा दुसरा प्रश्न तसाच राहिला.

नाना_डीबग

घ्या. बोर्ड चालू असेल तर रॉम उपसायची गरज नाही, डॉसचं डीबग पुरतं. (टाइप अर्थातच रोमनमध्ये.)

आधी तारीख बघा: डी एफ०००:एफएफएफ५ एल ८. आयबीएम ५१५० च्या रॉममध्ये तीनपैकी एक तारीख येते: २४ एप्रिल १९८१, १९ ऑक्टोबर १९८१ किंवा २७ ऑक्टोबर १९८२. पहिल्या दोन आवृत्त्या कार्डांवरच्या रॉम शोधत नाहीत, म्हणून त्यावर हार्ड डिस्कचं कार्ड चालत नाही, आणि मेमरी ५४४ केबीवर अडते.

मग फाइल करा. एन बायॉस.बिन. एम एफ०००:ई००० एल २००० १००. आरसीएक्स म्हणून २००० (हेक्स, म्हणजे ८१९२) द्या. आरबीएक्स म्हणून ० आहे का बघा, नसेल तर करा, नाहीतर भलीमोठी फाइल लिहायला जाईल. डब्ल्यू, क्यू. ८१९२ बाइट्सची फाइल मिळाली पाहिजे. सगळ्या बाइट्सची बेरीज करा, शेवटचा बाइट शून्य आला तर वाचन बहुधा नीट आहे. अर्थात क्लोनही हाच नियम पाळत असेल तर.

आता तुलना. नुसतं एफसी /बी (दोन फाइली बाइटागणिक ताडणारी डॉसची आज्ञा) चालवून समाधान मानू नका. मध्ये एक बाइट घुसवला की पुढचं सगळं सरकतं आणि दोन फाइली वेगळ्याच वाटतात. सोळा-वीस बाइट्सचे तुकडे घेऊन डीबगच्या एस आज्ञेने शोधा.

आणि जे सारखं असणारच ते आधी वगळा. एफ०००:एफए६ई ला पहिल्या १२८ अक्षरांचा ८ बाय ८ चा तक्ता, १०२४ बाइट्स. ग्राफिक्स मोडमध्ये अक्षरं तिथून काढली जातात आणि कित्येक प्रोग्राम तो पत्ता थेट वाचतात. ईएफसी७ ला फ्लॉपीच्या वेळांचे ११ बाइट्स. एफ०ए४ ला ६८४५ या व्हिडिओ कंट्रोलरच्या रजिस्टरच्या किमती, त्या मॉनिटरच ठरवतो. इंटरप्टचे प्रवेशपत्तेही तेच हवेत: व्हिडिओ एफ०६५, डिस्क ईसी५९, कीबोर्ड ई८२ई. सुसंगत बायॉस तिथे एक जंप ठेवतं आणि खरा कोड दुसरीकडे लिहितं. आयबीएममध्ये त्या पत्त्यावर कोडच सुरू होतो. हा फरक दिसला की अर्धं उत्तर मिळालं.

उरलेलं अर्धं ई०५बी ला. रीसेट झाल्यावर प्रोसेसर तिथे उडी मारतो. आयबीएमचे बाइट्स: एफए, बी४ डी५, ९ई, मग ७३, ७५, ७बी, ७९ या चार जंप. म्हणजे इंटरप्ट बंद, एएचमध्ये डी५, ते फ्लॅगमध्ये (प्रोसेसरच्या स्थिती दाखवणाऱ्या बिट्समध्ये), आणि कॅरी, झीरो, पॅरिटी, साइन या क्रमाने तपासणी. डी५ मुळे पाचही फ्लॅग एका फटक्यात चढतात, त्यामुळे तो आकडा सारखा आला तर फार काही सिद्ध होत नाही. पण चार जंपांचा तोच क्रम, तेच अंतर आणि पुढे उलट तपासणीचीही तीच मांडणी आली, तर तो योगायोग नव्हे.

ॲड_मेधा

नाना, कोर्टही हेच करतं. १९९२ च्या कॉम्प्युटर असोसिएट्स विरुद्ध अल्ताय निकालात हीच रीत सांगितली: पातळ्या वेगळ्या करा, हार्डवेअरने किंवा सुसंगततेने लादलेलं गाळा, उरलेल्याची तुलना करा.

कपॅसिटर

नाना, हेच हवं होतं. सिलिकॉन_घाट आणि मेधाताईंमुळे कुंपणाचा मुद्दा मी आता असा मांडेन: लिस्टिंगने कुणाला लिहायला बंदी केली नाही, पण प्रत्येक साम्याचा जाब देण्याचं ओझं वाढवलं. हे ओझं लहान कंपनीला झेपत नव्हतं, आणि नेमकी ती गरज फिनिक्सने भागवली. त्यांच्या बायॉसमागे तर कॉपीराइटच्या दाव्यांसाठी २० लाख डॉलरचा विमाही होता.

अजून एक. ही बायॉस.बिन फाइल इथे चढवली तर चालेल का?

ॲड_मेधा

चढवू नका. स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून वैयक्तिक, बिगरव्यापारी वापरासाठी प्रत करायला आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(एडी) मुभा देतं. निरीक्षण आणि अभ्यास ५२(१)(एसी) मध्ये, आंतरकार्यतेसाठी लागणारी माहिती मिळवणं ५२(१)(एबी) मध्ये, आणि तेही ती माहिती इतरत्र सहज मिळत नसेल तर. सार्वजनिक वाटप यातल्या कशातच बसत नाही. बाइट्सचे छोटे तुकडे चर्चेसाठी उद्धृत करा, पूर्ण फाइल नको.

तापकीर_गल्ली

आणि बोर्ड मेलेला असेल, डीबग चालत नसेल, तर रॉम काढून प्रोग्रामरवर (चिप वाचण्या-लिहिण्याच्या उपकरणावर) वाचावी लागेल. तिथे एक अडचण आहे. क्लोन बोर्डांवर बहुधा २८ पिनांची २७६४ ही ईप्रॉम (पुसून पुन्हा लिहिता येणारी रॉम) असते, ती सरळ वाचता येते. अस्सल ५१५० वरची यू३३ मात्र २४ पिनांची ८ केबीची मास्क रॉम (कारखान्यातच कायमची लिहिलेली). ती २७६४ म्हणून लावू नका, पिना जुळत नाहीत, अडॅप्टर लागतो. त्या सॉकेटात नवी चिप घालायची असेल तर मोटोरोलाची एमसीएम६८७६६ ही २४ पिनांची ८ केबीची ईप्रॉम जुळते. लिहिण्याआधी २७६४ आणि २७६४ए मधला फरकही बघा: पहिलीला २१ व्होल्ट, दुसरीला १२.५. उलट केलंत तर २७६४ए जाते. काचेच्या खिडकीवरचा कागद काढू नका, आणि पिना काळ्या पडल्या असतील तर आधी साफ करून दोनदा वाचा. दोन्ही फाइली एफसी /बी ने तंतोतंत जुळल्या तरच नानांची तुलना सुरू करा.